मुलाखत आणि बायोडाटा : विश्वासाचे अर्थशास्त्र



लेखी परीक्षेची तयारी वर्षानुवर्षे चालते. बायोडाटा मात्र अर्जाच्या आदल्या रात्री, कोणाचा तरी जुना नमुना समोर ठेवून लिहिला जातो. ही केवळ एक औपचारिकता आहे, असा समज त्यामागे असतो. वस्तुतः बायोडाटा आणि मुलाखत यांचे मूळ अर्थशास्त्रातील एका महत्त्वाच्या प्रश्नात आहे.

उमेदवाराला स्वतःची कुवत ठाऊक असते. नोकरी देणाऱ्याला ती ठाऊक नसते. माहितीच्या या विषमतेतून श्रमबाजार कसा मार्ग काढतो, याचे विवेचन मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये केले. पुढे २००१ मध्ये जॉर्ज अकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रतिपादनाचे सार असे की, जो संकेत कोणालाही विनासायास देता येतो, त्याला किंमत राहत नाही.

हीच कसोटी बायोडाटाला लावावी. ‘मेहनती, प्रामाणिक, नेतृत्वगुणसंपन्न’ ही विशेषणे लिहिण्यास कोणतेही कष्ट पडत नाहीत. म्हणूनच त्यांतून वाचणाऱ्याला काही कळत नाही. याउलट, ‘राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात चाळीस स्वयंसेवकांच्या भोजनखर्चाचा हिशेब ठेवला’ हे विधान पडताळून पाहता येते. विशेषण गाळून कृती लिहावी. ती कधी, किती आणि कोणत्या जबाबदारीने केली, ते सांगावे. पदाशी संबंधित बाबींना प्राधान्य द्यावे. मजकूर एक-दोन पानांत बसवावा.

स्पर्धा परीक्षांमध्ये जागा मोजक्या आणि उमेदवार लाखोंनी असतात. त्यामुळे अनेकांना काही वर्षांच्या तयारीनंतर अन्य क्षेत्रांत अर्ज करावा लागतो. ही वर्षे लपविण्याचा मोह टाळावा. कालक्रमात पडलेले खिंडार शंका निर्माण करते. त्या काळात कोणत्या विषयांचा अभ्यास झाला, कोणता टप्पा गाठला, शिकवणी वा घरच्या व्यवसायाची कोणती जबाबदारी सांभाळली, हे स्पष्ट लिहिल्यास शंकेची जागा माहिती घेते.

मुलाखत ही या माहितीची पडताळणी होय. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत लेखी मुख्य परीक्षेच्या १७५० गुणांना व्यक्तिमत्त्व चाचणीच्या २७५ गुणांची जोड मिळून गुणवत्ता ठरते. या चाचणीत लेखी परीक्षेतील ज्ञान पुन्हा तपासणे अभिप्रेत नाही. उलटतपासणीऐवजी सहज, परंतु हेतुपूर्ण संवादातून निर्णयाचा समतोल, तर्कशुद्ध मांडणी आणि बौद्धिक व नैतिक सचोटी अजमावली जाते. उमेदवाराने भरून दिलेला तपशीलवार अर्ज मंडळासमोर असतो. ‘वाचन’ हा छंद लिहिणाऱ्यास अलीकडे वाचलेले पुस्तक आणि त्यातील न पटलेला मुद्दा विचारला जाऊ शकतो. म्हणून अर्जातील प्रत्येक ओळीवर ‘काय?’, ‘का?’ आणि ‘त्यातून काय शिकलात?’ हे तीन प्रश्न मित्राकडून विचारून घ्यावेत. एखादे उत्तर येत नसल्यास तसे नम्रपणे सांगणे हेदेखील सचोटीचे लक्षण आहे.

तथापि, ही व्यवस्था निर्दोष नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी क्षेत्रातील जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ नावावरून दलित वा मुस्लिम वाटणाऱ्या उमेदवारांना पुढील बोलावणे येण्याची शक्यता कमी असल्याचे त्यात आढळले. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या, त्यामागेही निवडीतील पारदर्शकतेचाच विचार होता.

नकार मिळाला म्हणजे कुवत नाही, असा अर्थ म्हणूनच काढू नये. निवड करणाऱ्याचा पूर्वग्रह दूर करणे हे उमेदवाराच्या हाती नाही; ती व्यवस्थेची जबाबदारी आहे. आपली प्रत्येक ओळ पुराव्यानिशी उभी करणे मात्र उमेदवाराच्या हाती आहे आणि त्याची सुरुवात अर्जाच्या आदल्या रात्री नव्हे, तर महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापासून होते.