टोचलेल्या पेशी कोठें जातात?

मूलपेशी म्हणजे जिच्यापासून इतर जातींच्या पेशी निर्माण होऊं शकतात अशी पेशी. झिजलेल्या किंवा जखमी अवयवांत अशा जिवंत पेशी टोचून तो सुधारावा, अशी वैद्यकाची उमेद आहे. पण टोचलेल्या पेशी योग्य जागीं पोंचल्या काय, तेथें टिकल्या काय, कीं वाटेंतच मेल्या, हें कळल्यावांचून उपचार फसला तर तो कां फसला, हें सांगतां येत नाहीं.

हा माग काढण्याचें एक साधन म्हणजे एम. आर. आय. यंत्र. प्रबळ चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साह्यानें तें शरीरांतील हायड्रोजनच्या अणूंकडून, मुख्यतः पाण्यांतल्या, संकेत मिळवून चित्र तयार करतें. क्ष-किरणांचा त्यांत उपयोग नसल्यामुळें एकाच रुग्णाची तपासणी पुनःपुन्हा करतां येते. परंतु टोचलेली पेशी कोणती आणि मूळची कोणती, हें त्या चित्रावरून ओळखूं येत नाहीं. म्हणून टोचण्यापूर्वीं पेशींच्या पोटांत लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण घालतात. हे कण भोंवतालचें चुंबकीय क्षेत्र विस्कटतात आणि चित्रांत त्या जागीं काळा डाग उमटतो.

या डागाचें मोल हॉलंडांतील नायमेखेन येथील प्रयोगांत दिसून आलें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत मेलानोमा नांवाचा कर्करोग झालेल्या ८ रुग्णांच्या लसिकाग्रंथींत डेंड्रिटिक पेशी टोचल्या होत्या. या पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीस चेतवितात. त्या मूलपेशी नव्हेत, पण खूण करण्याची रीत हीच. सुई अल्ट्रासाउंडच्या देखरेखीखालीं घातली असूनहि ४ रुग्णांत पेशी ग्रंथीबाहेर पडल्याचें एम. आर. आय. नें उघड केलें. तें चित्र नसतें, तर सुईचा दोष पेशींच्या माथीं बसला असता.

मात्र डाग म्हणजे पेशी नव्हे. डाग म्हणजे लोह. पेशी मेली तर तिच्यांतील लोह भक्षक पेशी गिळतात आणि डाग मागें राहूं शकतो. उलट पेशी विभागून वाढल्या, तर लोह वांटलें जाऊन जिवंत पेशींचाहि डाग फिका होतो. लोहाऐवजीं फ्लुओरिनची खूण केली तर ती स्वच्छ उठून दिसते, कारण या यंत्रास दिसेल असें फ्लुओरिन शरीरांत जवळजवळ नसतेंच; पण त्यासाठीं पुष्कळ पेशी एकत्र असाव्या लागतात, आणि जिवंत कीं मृत हा प्रश्न तेणेंहि सुटत नाहीं.

तेव्हां डाग दिसला एवढ्यावरून रोपण जगलें, असें रुग्णास सांगणें योग्य नव्हे. पेशी कोठें पडल्या हें चित्र सांगतें. त्यांनीं काय केलें, हें रुग्णाच्या प्रकृतीवरून आणि इतर परीक्षांवरूनच ठरवावें लागतें.