लॅपटॉपची निवड : पालकांशी चार शब्द
(मंडळाच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण)



आज येथे ज्या मुलामुलींचा गौरव झाला, त्यांतील पुष्कळांनी ‘पुढे काय शिकणार’ या प्रश्नास ‘कॉम्प्युटर’ असे एकच उत्तर दिले. कोणी धुळ्यास देवपुरात जाणार, कोणी शिरपुरास, कोणी जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात, कोणी गिरणाकाठच्या बांभोरीस, तर कोणी बी.सी.ए. किंवा बी.एस्सी.च्या वर्गात. ऐकून समाधान वाटते. परंतु पेढे वाटून होतात न होतात तोच प्रत्येक घरात एक प्रश्न उभा राहतो. माय म्हणते, “पोऱ्याले लेपटाप लागस.” बाप म्हणतो, “केवढ्याचा?” आणि तेथून पुढे जे घडते ते अभ्यासापेक्षा लग्नाच्या बस्त्यासारखे असते. त्याविषयीच आज आपल्याशी बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि हयात गेली खडू-फळ्याच्या संगतीत. तेव्हा या विषयावर आम्ही तोंड उघडावे याचे कोणास नवल वाटले तर तेही योग्यच. तथापि निवृत्त झाल्यापासून आप्तेष्टांच्या मुलांबरोबर जळगाव-धुळ्याच्या दुकानांतून हिंडावे, आपल्यातील जी मुले शिकून पुण्यास नोकरीस लागली त्यांना खोदून खोदून विचारावे आणि ते वहीत टिपून ठेवावे, असा आमचा क्रम आहे. त्या वहीतले सार आपणांपुढे ठेवतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ नावाचा संगणक चालू झाला. तो आपल्याच देशात बांधलेला होता. त्याच्या स्मृतीत ४० अंशांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापाने सुमारे १० किलोबाईट. आज ज्याला दुकानदार ‘साधा’ म्हणतो त्या १६ जीबीच्या लॅपटॉपची स्मृती त्याच्या सोळा लाख पटींहून अधिक भरते. टिफ्रॅकवर त्या काळी वैज्ञानिकांनी गंभीर गणिते केली. सांगण्याचा हेतू इतकाच की, ‘हा लॅपटॉप अभ्यासाला पुरेल काय’ या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत मिळते. मूल काय शिकणार, केव्हा शिकणार, हे आधी पाहावे आणि मग यंत्र पाहावे. आपण नेमके उलटे करतो.

म्हणून पहिली गोष्ट वेळेची. अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात गणित, भौतिक, रसायन, आलेखन यांचाच भार मोठा असतो. प्रोग्रॅमिंगची तोंडओळख होते, ती बहुधा ‘सी’ किंवा पायथन या भाषेतून. तेवढ्या कामाला महाविद्यालयाची प्रयोगशाळा आणि घरातले, शेजारचे एखादे जुने यंत्र पुरते. (काही ठिकाणी ‘सी’ अजूनही टर्बो सी या तीसएक वर्षांपूर्वीच्या जुन्या साधनावर शिकवतात, त्याला तर कोणतेही यंत्र चालते!) खरे काम दुसऱ्या वर्षापासून. बी.सी.ए. आणि बी.एस्सी.च्या मुलांची गोष्ट मात्र निराळी. त्यांना पहिल्या दिवसापासून संगणक लागतो.

आता आपल्या खान्देशाचे व्यवहार पाहा. प्रवेश होतात जुलै-ऑगस्टात. कापसाचा पैसा हातात येतो दसरा-दिवाळीनंतर. म्हणजे ज्या महिन्यात शुल्क, खोलीभाडे, खानावळ आणि पुस्तके एकदम अंगावर येतात, त्याच महिन्यात आपण पन्नास-साठ हजारांचे यंत्र उसनवारीने घेतो. ज्याला चार महिने थांबता येते त्याने थांबावे. तोपर्यंत मुलाला वर्गातले वरचे विद्यार्थी भेटतात, शिक्षक भेटतात, कोणत्या विषयाला काय लागते हे कळते. आणि दिवाळीच्या सुमारास दुकानदारही जरा नरम असतो.

दुसरी गोष्ट यंत्राच्या पोटातली. आमच्या वर्गात एक टेबल असे आणि एक कपाट. कपाटात वह्यांचे गठ्ठे राहत. पण एका वेळी टेबलावर मावतील तेवढ्याच वह्या तपासता येत. लॅपटॉपमध्ये ‘रॅम’ म्हणजे ते टेबल आणि ‘एसएसडी’ म्हणजे ते कपाट. जाहिरातीत कपाट मोठे करून दाखवतात आणि टेबलाविषयी मौन पाळतात. ८ जीबी रॅमवर पहिले वर्ष निघते. पुढे मोबाईलचे ॲप बनवण्याची साधने, डेटाबेस, एका यंत्रात दुसरे आभासी यंत्र चालवणे हे आले की दम लागतो. म्हणून १६ जीबी धरावी. आजच घेणे झेपत नसेल तर ८ जीबीचा, परंतु रॅम नंतर वाढवता येईल असाच घ्यावा. कित्येक सडपातळ लॅपटॉपांत रॅम आतील पाटीला कायमची जोडलेली असते. तेथे पुढे काही करता येत नाही. ‘रॅमसाठी रिकामी जागा आहे काय?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी दुकानदार आपल्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो. कपाट ५१२ जीबीचे पुरे. मात्र ते एसएसडीच असावे, जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क नको. २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जगभर चढले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी केंद्रे ती ओढून घेत आहेत. यास्तव येथे नेमकी किंमत सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. आज सांगावी आणि स्मरणिका छापून येईतो शिळी व्हावी.

प्रोसेसरच्या बाबतीत ‘आय-७ म्हणजे आय-५पेक्षा भारी’ हा समज सर्वत्र पसरला आहे. येथे पिढी पाहावयाची असते. २०१५ सालच्या सहाव्या पिढीचा आय-७ हा २०२२च्या बाराव्या पिढीच्या आय-५पुढे मागे पडतो. इंटेलचा अलीकडचा आय-५ किंवा एएमडीचा रायझन-५, यांतला कोणताही चालतो. ॲपलचा मॅकबुक एअर उत्तम, बॅटरी दिवसभर पुरते. पण किंमत मोठी, रॅम वाढत नाही आणि विंडोजवरच चालणारे एखादे साधन वर्गात लागले की अडचण होते. प्रयोगशाळेत काय वापरतात हे विचारूनच त्या वाटेस जावे.

आता त्या ‘गेमिंग’ लॅपटॉपविषयी. मुलांचा ओढा तिकडे. लाल-निळे दिवे, मोठा पडदा आणि ‘बाबा, यात ग्राफिक कार्ड आहे, एआयला लागते’ असा युक्तिवाद. बापास ‘एआय’ हा शब्द ऐकून बोलता येत नाही. वस्तुस्थिती अशी की, शिकणाऱ्या विद्यार्थ्यास असे कार्ड लागते ते थोड्या दिवसांपुरते, आणि तेवढ्यासाठी गूगलचे ‘कोलॅब’ इंटरनेटवरून मर्यादित प्रमाणात फुकट मिळते. शिवाय वजन. गेमिंगचा लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलो आणि त्याचा चार्जर विटेएवढा. पारोळ्याहून, एरंडोलहून एस.टी.त उभ्याने जाणाऱ्या मुलाने तो पाठीवर रोज वाहायचा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. त्याची बॅटरीही लवकर संपते. खेड्यात वीज गेली की साधा लॅपटॉप ६५ वॅटच्या चार्जरवर घरच्या इन्व्हर्टरवर निभावतो. २०० वॅटचा राक्षस घरातल्या पंख्याची वीज खातो. ज्याला संगणकावर खेळच खेळायचे आहेत त्याने तसे उघड सांगावे, आमची हरकत नाही. पण ते अभ्यासाच्या खात्यात लिहू नये.

आपल्याकडचा उन्हाळाही हिशेबात धरला पाहिजे. पुष्कळ कंपन्या आपल्या पुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतच्या हवेत यंत्र वापरावे असे लिहितात. जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. परीक्षा त्याच दिवसांत. मूल पत्र्याच्या खोलीत गोधडीवर लॅपटॉप ठेवून बसते, खालच्या जाळ्या झाकल्या जातात, आणि यंत्र तापून मंदावते. पाट घ्यावा, त्यावर ठेवावे. दुपारी बंद ठेवून पहाटे बसावे. कापूस भरलेल्या घरात तर तंतू पंख्यात अडकतात. वर्षातून एकदा जाणत्याकडून साफ करून घ्यावा. याच कारणाने, ज्या कंपनीचे दुरुस्ती केंद्र जळगाव किंवा धुळ्यात नाही, तिचे यंत्र हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळाले तरी आम्ही घेण्यास सांगत नाही. नाशिकला पाठवून पंधरा दिवस वाट पाहणे ऐन परीक्षेत परवडत नाही.

जुना लॅपटॉप घेण्यात कमीपणा मानू नये. मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेली यंत्रे दुरुस्त करून विकतात. ती मजबूत असतात. एक पथ्य पाळावे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची साथ थांबवली, आणि विंडोज ११ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनचीच यंत्रे मानवतात. तेव्हा त्याआधीचे यंत्र कितीही स्वस्त असो, विंडोजसाठी घेऊ नये. लिनक्स ही फुकट प्रणाली शिकण्याची तयारी असेल तर गोष्ट वेगळी; आणि संगणकाच्या विद्यार्थ्याने ती शिकलेली बरीच. पत्रलेखनासाठीही ‘लिब्रे ऑफिस’ फुकट मिळते. चोरीचे सॉफ्टवेअर दुकानदार भरून देतो म्हणून त्याचे उपकार मानण्याचे कारण नाही.

पैशाविषयी दोन गोष्टी. दुकानातील ‘बिनव्याजी हप्ता’ पुष्कळदा नावालाच बिनव्याजी असतो. रोखीवर जी सूट मिळाली असती ती जाते, वर प्रक्रिया शुल्क लागते. त्यापेक्षा ज्यांनी बँकेचे शैक्षणिक कर्ज काढले आहे त्यांनी त्यातच विचारणा करावी. अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेल्या संगणकाचा वाजवी खर्च आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत धरता येतो. आपल्यातील फार थोड्या पालकांना हे ठाऊक आहे. आणि ‘बिलाशिवाय घ्या, जीएसटी वाचेल’ या बोलण्यास भुलू नये. ६० हजारांच्या यंत्रात १८ टक्क्यांप्रमाणे सुमारे ९,१५० रुपये कर असतो हे खरे. पण बिल नसले तर हमीसाठी आपण कोणाच्या दारात उभे राहणार? खोका आपल्यासमोर उघडावा, खोक्यावरचा, यंत्राखालचा आणि बिलावरचा क्रमांक जुळवून पाहावा.

आता जे बोलावयाचे आहे ते काहींस बोचेल, पण आम्ही शिक्षक आहोत. आपल्या कित्येक घरांत मुलगा संगणक शिकतो तेव्हा नवा लॅपटॉप येतो, मुलगी तोच अभ्यासक्रम घेते तेव्हा तिला सांगतात, “दादाचा आहे ना, तोच वापर.” दादा पुण्यास, लॅपटॉप दादाबरोबर. मग ती मोबाईलच्या पडद्यावर अंगठ्याने प्रोग्रॅम लिहिते. मोबाईलवर वाचता येते, व्याख्यान ऐकता येते; पण शंभर ओळींचा प्रोग्रॅम लिहून, चुका शोधून, पुन्हा चालवणे हे काम त्यावर नीट होत नाही, आणि तोच तर खरा अभ्यास. राज्य शासनाने २०२४-२५ या वर्षापासून, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. ज्या घरास ही सवलत लागू होते तेथे मुलीच्या नावाचे हजारो रुपये वाचतात. ते कोठे जातात? आमचे म्हणणे असे की, त्या पैशावर पहिला हक्क तिच्या लॅपटॉपचा. आणि तो तिच्याच नावाच्या बिलाचा असावा, म्हणजे उद्या घरात वाद नको.

शेवटी मंडळापुढे एक सूचना. दरवर्षी सत्कारात आपण भिंतीवरची घड्याळे आणि करंडक देतो. घराघरांत एकेका भिंतीवर तीन तीन घड्याळे झाली आहेत! त्याऐवजी वर सांगितल्या पथ्याने पाहिलेले दोन जुने, दुरुस्त केलेले लॅपटॉप मंडळाने घ्यावे. एक जळगावच्या कार्यालयात, एक धुळ्याच्या. ज्या विद्यार्थ्यास दिवाळीपर्यंत थांबावयाचे आहे त्यास ते पहिल्या सत्रापुरते वहीत सही घेऊन द्यावे, आणि सत्र संपताच परत घ्यावे. बी.सी.ए., बी.एस्सी.च्या मुलांना आणि मुलींना आधी. दोहोंपैकी एकाचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देतो. दुसऱ्याचा भार कोण उचलतो ते सभा संपण्यापूर्वी चिटणिसांकडे नोंदवावे. निवडीसाठी दुकानात बरोबर येण्यास आम्ही तयार आहोत, गुरुवार सोडून कोणत्याही दिवशी.

इतके सांगून आपली रजा घेतो.