पत्र्यावरचे आभार



संकटात नवस बोलायला कोणी शिकवावे लागत नाही. संकट टळल्यावर तो फेडायला मात्र पुष्कळांना आठवण करून द्यावी लागते. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपल्याकडे उगीच रूढ झालेली नाही. मेक्सिको देशात मात्र गरज सरल्यावर या अदृश्य वैद्याचे चित्र काढवून ते देवळाच्या भिंतीवर टांगण्याची जुनी चाल आहे. आणि मौज अशी की, अशा भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचे हात जोडलेले असतात, पण ओठांवर हसू असते.

या चित्रांना तिकडे ‘एक्स-व्होतो’ म्हणतात. शब्द लॅटिन, अर्थ ‘नवसाप्रमाणे’. ही चाल स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत आली. आरंभी कापडावर तैलचित्र काढवून घेणे श्रीमंतांनाच परवडे. एकोणिसाव्या शतकात कथलाचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा स्वस्त झाला आणि गरिबाचा नवसही रंगू लागला. शाळेतल्या पाटीएवढा तुकडा त्याला पुरे होई.

चित्राची मांडणी ठरलेली. वरच्या कोपऱ्यात ढगांच्या आसनावर पवित्र मरिया किंवा एखादा संत. मध्ये ओढवलेला प्रसंग. आणि तळाशी चार ओळींचे निवेदन : अमक्या साली, अमक्या गावी, अमक्यावर असे संकट आले, त्याने धावा केला, तो वाचला, म्हणून हे आभार. चित्र बहुधा नवस करणारा स्वतः काढीत नसे. तो गावच्या चित्रकाराला हकीकत सांगे आणि चित्रकार ती रंगवी. असे बहुतेक चित्रकार अनामिकच राहिले. ग्वानाह्वातो प्रांतातील एर्मेनेहिल्दो बुस्तोस (१८३२–१९०७) हा अपवाद. आज मोठा चित्रकार म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पण तो आइस्क्रीम विकण्यासारखे नाना उद्योग करी आणि सही करताना स्वतःला ‘हौशी’ म्हणवून घेई.

मग यात हसण्यासारखे काय? हसू येते ते चित्रकाराच्या भाबडेपणाचे. घोड्यावरून पडणारा इसम हवेत उलटा लटकलेला दिसतो आणि तोच इसम त्याच चित्राच्या कडेला गुडघे टेकून आभार मानीत असतो. उधळलेला बैल घराहून मोठा असतो. निवेदनातले शब्द कानाला जसे ऐकू येतात तसे लिहिलेले. शुद्धलेखन तपासणाऱ्या मास्तरांची लाल शाई संपून जावी! आणि तक्रारी तरी किती घरगुती! जीवघेण्या दुखण्याच्या शेजारी आजारी जनावराची कथा टांगलेली असते. कारण गाय वाचली तर घर वाचते, हे त्या लोकांना ठाऊक असते.

अलीकडे या कलेत जाणूनबुजून केलेला विनोदही शिरला आहे. मेक्सिको शहरातील आल्फ्रेदो व्हिल्चिस या स्वशिक्षित चित्रकाराने शहरी जीवनातले नाना प्रसंग याच पद्धतीने रंगविले. कपाटात लपलेला प्रियकर घरधन्याच्या हाती सापडला नाही, म्हणून संताचे आभार, अशा धाटणीची चित्रेही आता निघतात. त्यांतली कित्येक देवळाकरिता नसून बाजाराकरिताच असतात. ती पाहून कोणी श्रद्धाळू कपाळाला आठ्या घालील, आणि त्याचे सर्वस्वी चुकते असेही नाही. नवसाची थट्टा होणे कोणाला रुचेल? तथापि उपहासाचे हसू निराळे आणि मरणाच्या दारातून परत आलेल्याचे हसू निराळे. दुसऱ्या प्रकारच्या हसण्यात भीतीचा कंप अजून पुरता शमलेला नसतो.

हे पटण्यासाठी फ्रिदा काहलो या विख्यात चित्रकर्तीकडे पाहावे. १९२५ साली बसच्या भीषण अपघातात तिचे शरीर मोडले आणि त्याच्या वेदना तिने जन्मभर सोसल्या. ती व तिचा पती दिएगो रिव्हेरा यांनी ही नवसाची चित्रे आवडीने जमविली. त्यांत तिला एक तशाच अपघाताचे चित्र सापडले. तिने त्यात थोडे फेरफार केले, जखमी मुलीला आपल्या जुळलेल्या भुवया दिल्या आणि आपल्या आईबापांच्या वतीने तळाशी आभार लिहिले. कोणा अनामिकाचा नवस तिला आपलाच वाटला.

पुढे होर्हे दुरांद व डग्लस मॅसी या अभ्यासकांनी पोटासाठी अमेरिकेत गेलेल्या मेक्सिकन मजुरांची अशी चित्रे गोळा करून १९९५ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. सीमेवरची नदी ओलांडताना बुडता बुडता वाचलेला, परमुलखात शस्त्रक्रियेतून उठलेला, अशांच्या त्या हकीकती आहेत. ज्यांची दाद इतिहासाच्या पुस्तकांनी घेतली नाही, त्यांचे दिनांकासह आत्मचरित्र पत्र्याच्या एका तुकड्यावर उरले. म्हणूनच देवळांतून चोरीस जाऊन परदेशी पोहोचलेली ५९४ चित्रे इटलीने २०१९ साली मेक्सिकोला परत केली, तेव्हा केवळ कलावस्तू नव्हे, तर लोकांची साक्ष घरी आली.

आपल्याकडेही हा भाव परका नाही. वांद्र्याच्या मोत माउलीपुढे मेणाचे हात, पाय आणि घरे वाहिली जातात. म्हापशाच्या मिलाग्रेस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू व ख्रिस्ती दोघेही तेल व मेणबत्त्या घेऊन येतात. आणि ‘मिलाग्रेस’ म्हणजे चमत्कारच. भेद इतकाच की मेणाचा पाय वितळतो आणि कोणाचा पाय, केव्हा मोडला, कसा बरा झाला, हे त्याच्याबरोबर विसरले जाते. मेक्सिकोचा शेतकरी ते लिहून ठेवतो. परमेश्वराला त्याची गरज नाही; गरज आहे ती विसराळू माणसाला. आज घरी गेल्यावर आपल्यापैकी प्रत्येकाने मनातल्या मनात एक पत्रा रंगवून पाहावा. चित्र वाकडे आले तरी चालेल. तळाशी नाव, गाव आणि तारीख मात्र खरी असावी.