एजियनकाठचा शेजारधर्म
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



तुर्कस्तान म्हटले की आपल्यातील वडीलधाऱ्यांना खिलाफतीची चळवळ आठवते, विद्यार्थ्यांना केमाल पाशाचा धडा आठवतो. मला मात्र आज तुर्कस्तान आणि त्याचा शेजारी ग्रीस यांच्याविषयी, आणि १९९९ साली या दोघांवर कोसळलेल्या भूकंपांविषयी बोलावयाचे आहे.

या दोघांचे वैर जुने. १८२१ साली ग्रीक लोक उस्मानी सत्तेविरुद्ध उठले आणि पुढे स्वतंत्र झाले. तुर्की प्रजासत्ताक उभे राहिले तेही १९१९ ते १९२२ या काळात ग्रीक सैन्याशी लढून. म्हणजे दोघांच्याही स्वातंत्र्याच्या इतिहासात शत्रू म्हणून दुसराच उभा. १९२३ साली लोझानच्या परिषदेत लोकसंख्येची अदलाबदल ठरली. आधीच पळून आलेल्यांना धरून बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती लोक ग्रीसमध्ये आले आणि चार लाखांच्या आसपास मुसलमान ग्रीस सोडून तुर्कस्तानात गेले. निकष धर्माचा होता, भाषेचा नव्हे. त्यामुळे घरात तुर्की बोलणारे कित्येक जण 'ग्रीक' ठरले आणि क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान 'तुर्क' ठरले. फाळणी सोसलेल्या देशात याचा अर्थ समजावून सांगावयास नको. अथेन्सच्या एका उपनगराचे नाव आजही नेआ स्मिर्नी, म्हणजे नवे स्मिर्ना, असे आहे. जुने स्मिर्ना म्हणजे तुर्कस्तानातले इझमीर.

पुढे १९७४ साली सायप्रसमध्ये तुर्की फौजा उतरल्या आणि ते बेट दुभंगले. १९९६ साली एजियन समुद्रातल्या एका निर्मनुष्य खडकावरून दोन्ही नौदले समोरासमोर आली. त्या खडकावर शेळ्या तेवढ्या चरत असत! फेब्रुवारी १९९९ मध्ये तुर्कस्तानला हवा असलेला कुर्द नेता ओजालान नैरोबीत पकडला गेला. तो तेथे ग्रीक राजदूताच्या आश्रयाला होता असे उघड झाले. तुर्कस्तानात संतापाची लाट उसळली आणि ग्रीसच्या परराष्ट्रमंत्र्यांना जावे लागले.

त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी, १७ ऑगस्ट १९९९ रोजी पहाटे ३ वाजून २ मिनिटांनी इझमित आणि ग्योल्जुकचा परिसर हादरला. माणसे गाढ झोपेत होती. सरकारी आकड्यानुसार सतरा हजारांहून अधिक बळी गेले. भूकंप मोठा होता हे खरे, परंतु मारले ते मुख्यतः इमारतींनी. सिमेंटात काटकसर, खांबांत अपुरे लोखंड आणि तपासणी कागदावर. खांब मोडले आणि मजल्यावर मजला बसला, भाकऱ्यांच्या चवडीसारखा. अशा ढिगाऱ्यात यंत्रे बेधडक चालविता येत नाहीत. हाताने एकेक तुकडा उचलावा लागतो. मध्येच सर्व आवाज बंद करून, 'माझा आवाज कोणी ऐकतो आहे का?' अशी हाक घालून कान लावून बसावे लागते. पहिले तीन दिवस मोलाचे; त्यानंतर जिवंत माणूस सापडण्याची आशा झपाट्याने मावळते. म्हणूनच मदत कोण किती देतो यापेक्षा कोण किती लवकर येतो, याला अशा वेळी अधिक किंमत असते.

ग्रीस लवकर आला. एमाक हे त्यांचे शोधपथक आले, डॉक्टर आले, आणि इझमितच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला लागलेली आग विझविण्यासाठी विमानाची मदतही आली. ग्रीक नागरिकांनी रक्त दिले. त्यावेळच्या तुर्की आरोग्यमंत्र्यांना मात्र परक्यांची अशी मदत रुचली नाही. त्यांच्यावर त्यांच्याच देशातल्या वृत्तपत्रांनी झोड उठविली. एका मोठ्या तुर्की दैनिकाने तर ग्रीक भाषेतच आभार छापले.

७ सप्टेंबर रोजी अथेन्सला धक्का बसला. १४३ माणसे दगावली. त्यांतले ३९ जण एकाच कारखान्याच्या इमारतीखाली गेले. आता तुर्कांची पाळी होती. आकुत नावाचे स्वयंसेवकांचे पथक, ज्याची स्थापना १९९६ साली गिर्यारोहकांनी केली होती, आपल्या घरची माती हातावरून पुरती निघाली नसताना अथेन्सला धावून गेले. तुर्कस्तानातल्या ग्रीक वकिलातींत रक्त देऊ इच्छिणाऱ्यांचे दूरध्वनी खणखणू लागले. नोव्हेंबरात तुर्कस्तानात दुझ्जे येथे पुन्हा भूकंप झाला, तेव्हा ग्रीक पथके परत आली.

भूकंपाने मैत्री घडविली, असे पुष्कळदा म्हटले जाते. माझ्या मते हे अर्धेच खरे आहे. ग्रीसचे नवे परराष्ट्रमंत्री जॉर्ज पापांद्रेऊ आणि तुर्कस्तानचे इस्माइल जेम यांनी त्या उन्हाळ्यातच पर्यटन, व्यापार, पर्यावरण अशा किरकोळ वाटणाऱ्या विषयांवर बोलणी सुरू केली होती. पण 'आमच्या जनतेला हे सहन होणार नाही' ही जी सबब दोन्हीकडचे राज्यकर्ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, ती जनतेनेच काढून घेतली. त्याच डिसेंबरात हेलसिंकी येथे तुर्कस्तानला युरोपीय संघाच्या उमेदवारीचा दर्जा मिळाला, कारण ग्रीसने आपला जुना विरोध सोडला. जानेवारी २००० मध्ये पापांद्रेऊ अंकाऱ्याला गेले. ग्रीक परराष्ट्रमंत्र्याची अशी भेट सदतीस-अडतीस वर्षांत झाली नव्हती.

तंटे मिटले काय? नाही. सायप्रस दुभंगलेलेच आहे, समुद्रहद्दीचा वाद तसाच आहे. २०२० साली तर तेल-वायूच्या शोधावरून युद्धनौका पुन्हा समोरासमोर आल्या. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सामोस बेट आणि इझमीर एकाच भूकंपाने हादरले, इझमीरमध्ये शंभराहून अधिक माणसे गेली, सामोसवर दोन शाळकरी मुले गेली, आणि दोन्ही देशांच्या नेत्यांनी परस्परांना सांत्वनाचे निरोप धाडले. पुढे २०२२ मध्ये भाषा पुन्हा धमकीची झाली.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण तुर्कस्तानात महाभयंकर भूकंप झाले. त्या देशात पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली. एमाकची माणसे तातडीने हाताय प्रांतात पोहोचली आणि त्यांनी ढिगाऱ्यातून जिवंत जीव बाहेर काढले. आठवड्याच्या आत ग्रीक परराष्ट्रमंत्री स्वतः तेथे गेले. त्याच वर्षी ७ डिसेंबरला अथेन्समध्ये दोन्ही देशांनी मैत्रीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या.

जाता जाता आपल्याकडचे सांगतो. त्या २०२३ च्या भूकंपात भारतानेही शोधपथके आणि लष्करी रुग्णालय पाठविले, आणि त्या मोहिमेचे नाव ठेवले 'ऑपरेशन दोस्त'. हा शब्द तुर्कीतही दोस्त असाच आहे आणि त्याच अर्थाचा आहे.

विद्यार्थ्यांपैकी कोणाला काही विचारावयाचे असल्यास अध्यक्षांच्या अनुमतीने अवश्य विचारावे.