खिडकी उघडण्यापूर्वीच

(कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



१९६९ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या ईडन गार्डन्स मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा कसोटी सामना चालू होता. १६ तारखेला, त्या दिवसापुरती विकली जाणारी थोडीशी तिकिटे पदरात पडावीत म्हणून मैदानाबाहेर प्रचंड गर्दी लोटली. चेंगराचेंगरी झाली आणि ६ माणसे प्राणास मुकली. ही माणसे दंगल करायला आलेली नव्हती. पदरचे पैसे मोजून खेळ पाहायला आली होती. त्याच मैदानावर १ जानेवारी १९६७ रोजी, वेस्ट इंडीजविरुद्धच्या सामन्यात, आसनांपेक्षा अधिक प्रेक्षक आत आल्याने लोक मैदानात उतरले, पोलिसांनी लाठ्या चालविल्या आणि प्रेक्षागृहे पेटली. तिकिटाचा प्रश्न हा रिकामटेकड्यांच्या करमणुकीचा प्रश्न आहे, असे समजणाऱ्यांनी या दोन तारखा ध्यानात ठेवाव्यात.

अशा वेळी ठरलेले उत्तर मिळते : मागणी अफाट, जागा मोजकी, त्याला कोण काय करणार? हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धे आहे. जागा मोजक्या असतील, तर त्यांची वाटणी कशी होते, हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. रेशनच्या दुकानात धान्य कमी पडले, तर दुकानदाराला कोणी निसर्गावर बोट दाखवू देत नाही. वहीच मागितली जाते. क्रिकेटच्या तिकिटांची वही मात्र आजवर कोणी मागितलेली नाही.

मुंबईचे उदाहरण बोलके आहे. १९३७ साली उभे राहिलेले ब्रेबोर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. कसोटी सामने तेथे होत. पण आपल्या वाट्याला किती आसने यावीत, यावरून बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचे या क्लबाशी वर्षानुवर्षे भांडण चालू होते. अखेर बॅ. शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने असोसिएशनने हाकेच्या अंतरावर स्वतःचे स्टेडियम उभारले आणि १९७५ च्या जानेवारीत तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. म्हणजे वानखेडे स्टेडियमचा जन्मच मुळी तिकिटांच्या भांडणातून झाला! पण ते भांडण दोन संस्थांचे होते. कोणत्याही क्लबाचा सभासद नसलेला, लालबागेत किंवा डोंबिवलीत राहणारा साधा प्रेक्षक त्या वाटाघाटीत पक्षकार म्हणून कधी बसलाच नाही. मैदान बदलले, मालक बदलला. त्याची जागा होती तेथेच, भिंतीबाहेर, राहिली.

३६ वर्षांनंतर याचा पुरेपूर प्रत्यय आला. २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडेवर झाला. नूतनीकरणानंतर तेथे सुमारे ३३,००० आसने होती. त्यांपैकी सर्वसामान्य जनतेला विकण्यासाठी राहिली जेमतेम ४,०००! उरलेली संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय परिषद आणि इतर मानकरी यांच्याकडे आधीच गेली होती. त्या ४,००० तल्या काही तिकिटांची विक्री संगणकावरून सुरू झाली, तेव्हा त्या संकेतस्थळाने मान टाकली. त्याच फेब्रुवारीत बंगळूरला भारत-इंग्लंड सामन्याच्या तिकिटांसाठी रात्र काढलेल्या लोकांवर लाठीमार झाला.

येथे क्लबांची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मुंबईत असे तीनशेहून अधिक क्लब आहेत. आझाद मैदानावर भर पावसात कांगा लीगचे सामने खेळणारी, पदरमोड करून पोरांना बॅट आणि पॅड पुरविणारी मंडळी त्यांत आहेत. खेळ त्यांच्या श्रमावर उभा आहे. त्यांना वाटा मिळू नये, असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही. तक्रार वाट्याविषयी नाही, तो वाटा गुप्त असण्याविषयी आहे. कोणाला किती तिकिटे गेली, हे जाहीर होत नाही; म्हणूनच मैदानावर राबणाऱ्या कार्यकर्त्याच्या नावाने निघालेले तिकीट अखेर कोणाच्या खिशात गेले, हे कळायला मार्ग राहत नाही. काळा बाजार अंधारातच पिकतो.

सन्मानिकांचे तर विचारूच नये. लोढा समितीच्या शिफारशींनंतर नियामक मंडळाची नवी घटना २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने अमलात आली. तिच्यानुसार ९० टक्के तिकिटे जनतेला विकायची आणि फार तर १० टक्के फुकट द्यायची, असे ठरले. परिणाम काय झाला? त्याच वर्षी ऑक्टोबरात इंदूरला व्हावयाचा भारत-वेस्ट इंडीज सामना फुकट पासांच्या वादापायी विशाखापट्टणमला हलविण्यात आला. पासांवरचा हक्क सुटेना, म्हणून सामनाच सुटला. इंदूरच्या प्रेक्षकाला कोणी विचारले नाही.

यंत्राने हा प्रश्न सुटेल, अशी काहींची श्रद्धा आहे. २०२३ च्या विश्वचषकाचे वेळापत्रक स्पर्धेपूर्वी जेमतेम १०० दिवस जाहीर झाले आणि तिकीटविक्री ऑगस्टच्या अखेरीस सुरू झाली. लोक तासन् तास पडद्यापुढे बसून राहिले आणि शेवटी हाती काही आले नाही. एवढे करून प्रवेशासाठी छापील तिकीटच लागणार, असे ठरले. पूर्वीची रांग निदान दिसत तरी होती. पुढच्याला आणि मागच्याला मोजता येत होते. आताची रांग अदृश्य आहे, आणि खिडकीमागे मुळात किती तिकिटे होती, हे तेव्हाही कळत नव्हते, आजही कळत नाही.

क्रिकेट संस्था म्हणतात, आम्ही खासगी आहोत. पण वानखेडे उभे आहे ते शासनाने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवर. बंदोबस्ताला पोलीस सरकारचे. आणि संघ खेळतो तो देशाच्या नावाने. नियामक मंडळ माहितीच्या अधिकाराखाली आणावे, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ सालीच केली होती. देशाचे नाव घ्यायचे आणि देशाला हिशेब द्यायचा नाही, हा व्यवहार न्याय्य नव्हे.

मागणी साधी आहे. विक्री सुरू होण्यापूर्वी एक तक्ता प्रसिद्ध व्हावा : एकूण आसने किती, क्लबांना किती, प्रायोजकांना किती, मंत्री आणि अधिकारी यांना फुकट किती, आणि खिडकीवर किती. यासाठी नवे स्टेडियम नको, नवे यंत्रही नको. एक कागद पुरे. तिकीट सर्वांना मिळणार नाही, हे रांगेतला माणूस जाणतो, आणि ते तो सोसतोही. मात्र खिडकी उघडण्यापूर्वीच आपण हरलो होतो, हे त्याला घरी परतल्यावर कळावे, हे त्याने यापुढे सोसू नये.