देवाचा पलंग

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलले तसंच लिहून दिलं आहे. मध्येमध्ये तुम्ही जे ओरडलात ते तेवढं गाळलं आहे.)



जेवणानंतरचं पहिलं भाषण माझं ठेवलंय आणि विषय दिलाय 'झोप'. संयोजकांचा विनोद मला कळला. मागच्या रांगेत दोघांचे डोळे मिटलेले मला इथून दिसतायत. त्यांना उठवू नका. माझं म्हणणं त्यांना न ऐकताच पटलेलं आहे.

सुरुवात एका कबुलीने करते. दहावीच्या वर्षी, म्हणजे १९९६ साली, आपले सर पहाटे साडेचारला सायकलवरून गावात फेरी मारायचे, आठवतंय ना? कोणाच्या खिडकीत दिवा आहे ते वहीत टिपायचे आणि प्रार्थनेनंतर नावं वाचून दाखवायचे. माझं नाव त्या यादीत सलग अडीच महिने होतं. सर, आज एकोणतीस-तीस वर्षांनी सांगते, मी रात्री दिवा चालू ठेवूनच झोपायचे. गोधडी तोंडावर ओढून. त्या वर्षी विजेचं बिल का वाढलं ते आमच्या अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्ही हसताय, म्हणजे माफ केलंत असं धरते.

गंमत सोडली तरी त्यातून मी एक चुकीची गोष्ट शिकले. दिवा दिसला पाहिजे, बाकी कोणी बघत नाही. पुढे इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरीला लागले, आणि वीस वर्षं त्या बल्बचंच काम केलं. ऑफिसच्या चॅटमध्ये नावापुढे एक हिरवा ठिपका असतो, आपण हजर आहोत हे सांगणारा. माझा ठिपका रात्री दीडलाही हिरवा असायचा. फरक इतकाच, की आता दिव्याखाली मी झोपलेली नसायचे.

आता थोडं आपल्या गावाबद्दल. तुम्हाला हे सांगायला नको, पण स्मरणिका जावई-सुनाही वाचतील. आषाढीच्या आधी काही दिवस देवळात विठ्ठलाचा पलंग काढतात. पलंग निघाला की देवाची झोप बंद. शेजारती नाही, रोजचे उपचार नाहीत, चोवीस तास दर्शन. वारकरी रात्री दोनला येवो नाहीतर चारला, देव उभा. त्यातली खरी मजा अशी, की आषाढ शुद्ध एकादशीला म्हणतात शयनी एकादशी. त्या दिवशी देव झोपी जातो आणि चार महिन्यांनी कार्तिकात उठतो, असं पंचांग सांगतं. साऱ्या जगाचा विष्णू त्या दिवशी झोपतो आणि आपला पंढरपूरचा तेवढा जागा असतो. पोरं भेटायला आलेली असताना झोपणार कसा?

पण लहानपणी मला सगळ्यात जास्त आवडायचं ते पुढचं. उभं राहून देवाची पाठ भरून येते म्हणून त्याच्या पाठीशी कापसाचा लोड देतात. रखुमाईला तक्क्या. आणि यात्रा ओसरली की प्रक्षाळपूजा. गरम पाण्याने स्नान, पायांना लिंबू-साखर, शीण जायला काढा, आणि पलंग परत जागेवर. हे सगळं करणाऱ्यांनी दगडाच्या मूर्तीलाही थकवा येतो असं धरलं, आणि तो काढायला एक दिवस वेगळा ठेवला.

आमच्या घरी यात्रेत पंचवीस-तीस वारकरी उतरायचे. तुमच्याकडेही तेच. शाळेचे वर्गसुद्धा त्यांना दिलेले असायचे आणि आपल्याला सुट्टी. पोरांना ती चैन होती. गच्चीवर झोपायचं, रात्रभर भजन, पहाटे चंद्रभागेवर. आई मात्र परसातल्या चुलीपाशी. मी चौथीत असेन. एकादशी झाली, बारस सोडली, तरी आल्या-गेल्यांच्या पंगती चालूच होत्या. तिसऱ्या दिवशी आई भाकरी थापता थापता बसल्या जागी झोपली आणि तिचा हात तव्यावर गेला. उजव्या मनगटापाशी तो डाग आजही आहे. आजी फार प्रेमळ वगैरे सासू नव्हती, हे मी आईसमोरही बोलते. पण त्या दिवशी हाताला तूप लावताना ती म्हणाली, "देवाला लोड देतात. हिला कोण देणार?"

त्या वर्षापासून आमच्या घरी आजीने नियम केला. देवळात प्रक्षाळपूजा, त्या दिवशी घरचाही प्रक्षाळ. सकाळी सगळ्यांनी मिळून घर धुवायचं, नंतर बायकांनी आडवं व्हायचं. संध्याकाळपर्यंत त्यांना हाक मारायची नाही. स्वयंपाक अण्णा आणि काका करणार. त्यांना पिठलं-भात सोडून काही येत नव्हतं आणि त्या पिठल्यात गुठळ्या असायच्या. आम्ही पोरं त्या गुठळ्या मोजायचो. वर्षातला तेवढा एक दिवस मी आईला दुपारी झोपलेली बघायचे. तोंड किंचित उघडं, हातात बांगड्या नाहीत, आणि घरात सगळे चवड्यांवर चालतायत.

आणि हे सगळं बघत वाढलेली मुलगी पुण्यात जाऊन काय करते? तर पलंग काढून टाकते आणि परत ठेवायला विसरते.

आमच्या धंद्यात 'ऑन-कॉल' म्हणून प्रकार असतो. सॉफ्टवेअर अमेरिकेत चालतं. तिकडे पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारचे दोन वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अडीच. तिकडे काही बंद पडलं की इथे फोन वाजतो. आठवड्याला एकाची पाळी, असा नियम कागदावर होता. पण माझा ठिपका कायम हिरवा, त्यामुळे पाळी कोणाची का असेना, फोन मला. मला त्याचा अभिमान होता, हेही खरं सांगते. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

सात वर्षांपूर्वी, अशाच लागोपाठ तिसऱ्या रात्री, पहाटे तीनच्या सुमारास मी एक आज्ञा दिली. ती चाचणीच्या सर्व्हरवर द्यायची होती, दिली खऱ्या सर्व्हरवर. दोन्ही खिडक्या सारख्याच काळ्या. ग्राहकांच्या नोंदींचा एक अख्खा तक्ता उडाला. बॅकअप होता म्हणून वाचलो. तो परत बसवायला सकाळचे सात वाजले. चार कप कॉफी झाली होती. तशीच उठले आणि मुलीला शाळेत सोडायला गाडी काढली.

सिग्नल लाल होता. पुढचं मला आठवत नाही. आठवतो तो मागून खांद्याला बसलेला हिसका. नऊ वर्षांची पोर मागच्या सीटवरून वाकून मला हलवत होती. "आई, हिरवा झालाय. आई!" पाय ब्रेकवर राहिला होता, एवढंच नशीब. मागचे हॉर्न वाजवत होते आणि ती म्हणाली, "तू झोपली होतीस?" तिच्या आवाजात भीतीपेक्षा आश्चर्य जास्त होतं. कारण दोनच आठवड्यांपूर्वी तिने 'माझी आई' या विषयावर निबंध लिहिला होता. त्यात वाक्य होतं, 'माझी आई कधीच झोपत नाही.' बाईंनी त्याखाली लाल शाईने 'छान' लिहिलं होतं आणि मी तो कागद कौतुकाने फ्रिजवर लावला होता. घरी जाऊन तो आधी काढला.

मग सवयीप्रमाणे वाचायला बसले. इंजिनिअर माणसाला आकडा दिसल्याशिवाय पटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांचा १९९७ साली 'नेचर'मध्ये आलेला एक छोटा लेख सापडला. त्यांनी त्याच माणसांना एकदा जागं ठेवून आणि एकदा दारू पाजून हात-डोळ्यांच्या समन्वयाची चाचणी घेतली. सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस जवळजवळ तितकाच चुकत होता, जितका १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेला माणूस चुकतो. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे दारूच्या थेंबाला न शिवलेली मी त्या सकाळी कायद्याच्या हिशेबाने झिंगलेली होते. आणि मागे माझी मुलगी.

कॉफीचंही तसंच. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि तेच 'आता झोप' म्हणून सांगत असतं. कॉफी, चहा हे द्रव्य काढून टाकत नाहीत, फक्त त्याचा निरोप दारात अडवतात. साचायचं ते साचतच असतं. शिवाय घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं साधारण पाच तासांनीही अंगात असतं. सायंकाळी सातची कॉफी मध्यरात्री अर्धी शिल्लक. हे कळल्यावर मी दुपारनंतरची कॉफी बंद केली. चहा नाही जमला. पंढरपूरच्या माणसाला चहा सोड म्हणणं योग्य नाही.

त्या रविवारी आईला फोनवर सगळं सांगितलं. ती गप्प ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुमच्या ऑफिसात प्रक्षाळ नसतो का गं?"

मी सोमवारी जाऊन आमच्या मॅनेजरला हेच विचारलं, अर्थात त्याला कळेल अशा भाषेत. रात्री बारानंतर ज्याला उठावं लागलं त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत कोणी फोन करायचा नाही, आणि प्रत्येक पाळीला मागे दुसरा माणूस ठरलेला असायचा. तो म्हणाला, ही रजा कोणत्या रकान्यात टाकायची? आजारी नाही, किरकोळ नाही. त्याला पटायला दोन महिने लागले, आणि तेही माझ्या त्या रात्रीच्या आज्ञेचा खर्च किती झाला हे कागदावर मांडल्यावर. आज आमच्या टीमच्या कॅलेंडरवर त्या वेळेचं नाव खरंच 'प्रक्षाळ' आहे. अमेरिकेतले सहकारी त्याला 'प्राकशाल' म्हणतात. मागे उभा राहणारा जो दुसरा माणूस, त्याला आम्ही 'लोड' म्हणतो. त्यावरून घोटाळा होतो. इंग्रजीत लोड म्हणजे ओझं. नव्या पोरांना दर वेळी समजावून सांगावं लागतं, की बाबा, हा पाठीशी द्यायचा लोड आहे.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. पंचेचाळिशीत आता वेगळीच तऱ्हा. रात्री तीनला कोणी फोन न करताच डोळे उघडतात. समोर बऱ्याच जणी मान डोलावतायत, म्हणजे मी एकटी नाही. त्यावर मी डॉक्टरांकडे गेले, तुम्हीही जा. आणि ज्यांचे नवरे घोरतात त्यांनी 'गाढ झोपलेत' म्हणून सोडून देऊ नका. घोरताना मध्येच श्वास थांबत असेल तर तो आजार असतो. पण यावर आपले डॉक्टर मित्र माझ्यानंतर बोलणार आहेत, त्यांचं भाषण मी खात नाही.

घरचा प्रक्षाळ आम्ही पुण्यातही पाळतो. प्रक्षाळपूजेनंतरचा रविवार. आता आमच्या मजल्यावरची चार घरं त्यात आहेत. फोन पोळीच्या डब्यात, दारावर चिठ्ठी, पडदे ओढलेले, आणि संध्याकाळी पिठलं पुरुषांनी करायचं. सर्वांत जास्त वेळ झोपलेल्याचा सत्कार होतो, नारळ देऊन. फिनलंडमधल्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे २७ जुलैला झोपाळूंचा दिवस असतो. घरात जो शेवटी उठेल त्याच्यावर पाणी ओततात, आणि नानताली नावाच्या गावात दर वर्षी एका नामवंत माणसाला सकाळी सातला चक्क समुद्रात टाकतात. मी म्हटलं, आमच्याकडे उलटं आहे. आमचा देव तेव्हा चातुर्मासात झोपलेला असतो आणि आम्ही त्याच्या अंगावर पाणी टाकत नाही. मागच्या वर्षी आई आली होती. सत्काराचा नारळ तिलाच मिळाला. दुपारी साडेबारा ते सव्वापाच. मुलीने तिचा झोपलेला फोटो काढला, मी तो पुसायला लावला, आणि आता वाटतं ठेवायला हवा होता.

आता कामाचं. कार्यक्रमपत्रिकेत रात्री साडेदहापर्यंत अंताक्षरी आहे. पुण्या-मुंबईचे बरेच जण आज पहाटे साडेचारला उठून गाडी चालवत आलेत, आणि 'जेवून लगेच निघतो, रस्ता मोकळा मिळेल' असं मी सकाळपासून सहा जणांच्या तोंडून ऐकलं. साडेचारला उठलेल्याचे सतरा तास रात्री साडेनऊला भरतात. पुणं इथून दोनशे किलोमीटरच्या वर आहे. मुख्याध्यापकांना विचारून वरचे दोन वर्ग उघडून घेतलेत, एक बायकांना, एक पुरुषांना. मंडपवाल्याने गाद्या आणि चादरी दिल्यात. वारकरी झोपायचे तेच वर्ग. ज्यांना रात्री निघायचंय त्यांनी गाडीची किल्ली जेवणाच्या आधी माझ्याकडे आणून द्यायची. सकाळी सहाला चहा मिळेल आणि किल्लीही.

आणि सर, तुम्हीही थांबताय असं कळलं. उद्या पहाटे साडेचारला फेरी मारू नका. एकाही खिडकीत दिवा दिसणार नाही.