हत्ती, कोंबडा आणि हिमगौरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीस बाईंनी निमंत्रण देताना मला दोन सूचना केल्या. भाषण हलकेफुलके असावे, आणि त्यात राजकारण नसावे. पहिली सूचना मी शिरसावंद्य मानते. दुसरीतून मात्र एक पळवाट काढली आहे. राजकारण आहे, पण ते अमेरिकेतले आहे. तेव्हा येथे कोणाची टोपी कोणाच्या डोक्यावर बसेल अशी धास्ती नको. बसलीच, तर ज्याची त्याने ती घरी नेऊन आरशापुढे घालून पाहावी.

विषय असा, की तिकडच्या पुराणमतवादी पुढाऱ्यांचे जे अनेक नमुने आहेत, ते कार्टूनमधल्या पात्रांशी ताडून पाहायचे. नातवंडांबरोबर टीव्हीसमोर बसणाऱ्या आज्यांना यांतली बरीच मंडळी ओळखीची असतील. पुराणमतवादी म्हणजे वाईटच, असे मला म्हणायचे नाही. जुने जपण्याची हौस आपल्यापैकी कोणाला नाही? पण मुरलेले लोणचे जुने असते आणि परवाची आमटीही जुनीच असते. एकाच्या बरणीला आपण दादरा बांधतो, दुसरीचा आधी वास घेतो. राजकारणातही वास घेऊन पाहावा, इतकेच.

कार्यारंभी गजाननाचे स्मरण करण्याचा आपला प्रघात आहे. योगायोगाने या विषयाचा आरंभही हत्तीनेच होतो. १८७४ साली थॉमस नास्ट या चित्रकाराने 'हार्पर्स वीकली'त रिपब्लिकन पक्षाची मते हत्तीच्या रूपात दाखवली. सिंहाचे कातडे पांघरलेल्या एका गाढवाने जंगलभर घबराट उडवून दिली आहे आणि एवढा थोरला हत्तीही बिथरला आहे, असे ते चित्र. नास्ट स्वतः त्याच पक्षाचे. पक्षाने राग न धरता पुढे हत्तीलाच आपले चिन्ह करून घेतले. तेव्हा मात्र हा पक्ष गुलामगिरी मोडणाऱ्या लिंकनचा पक्ष म्हणून ओळखला जाई. पुराणमतवादी पुढारी पुढे कितीतरी वर्षे दोन्ही पक्षांत होते, आणि आपला पहिला नमुना मुळात दुसऱ्याच, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षातला.

तो म्हणजे फॉगहॉर्न लेगहॉर्न. लेगहॉर्न कोंबड्या आपल्याकडे अंड्यांसाठी पाळतात; हा त्याच कुळातला धिप्पाड पांढरा कोंबडा, १९४६ साली पडद्यावर आला. अंडी अर्थातच देत नाही, भाषणे देतो. त्याची बोलण्याची ढबच मुळी रेडिओवरच्या एका विनोदी पात्रावरून घेतलेली, आणि ते पात्र होते अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका बडबड्या सिनेटरचे! प्रत्यक्षातला कोंबडा पाहायचा तर साउथ कॅरोलायनाचे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड पाहावेत. १९५७ च्या ऑगस्टमध्ये, कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचे रक्षण करणारे विधेयक अडवण्यासाठी, ते २४ तास १८ मिनिटे सलग बोलले. बोलायला मुद्दे पुरेनात, तेव्हा एकेका राज्याचे निवडणूक कायदे वाचून दाखवले. बाई जास्त बोलते असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा! ते खाली बसले आणि थोड्याच वेळात विधेयक मंजूर झाले. कोंबडा आरवला काय आणि न आरवला काय, उजाडायचे ते उजाडतेच. १९६४ साली थर्मंड रिपब्लिकन पक्षात गेले. त्यांचा विक्रम पुढे सदुसष्ट वर्षे टिकला. २०२५ साली तो २५ तास ५ मिनिटे बोलून मोडला कोरी बुकर यांनी, आणि बुकर स्वतः कृष्णवर्णीय! नियतीलाही विनोदाचे अंग असावे.

दुसरा नमुना कवडीचुंबकाचा. अंकल स्क्रूज हे बदक १९४७ साली कार्ल बार्क्स यांच्या लेखणीतून उतरले. कोठीभर नाण्यांत ते पोहते. 'आमचे पैसे आमच्याजवळ राहू द्या, सरकारने हात लावू नये,' हा यांचा मूलमंत्र. १९७८ साली कॅलिफोर्नियात हॉवर्ड जार्व्हिस यांनी मोहीम काढली आणि लोकांनी मतदानाने घरपट्टीला वेसण घातली : कर मालमत्तेच्या ठरलेल्या किमतीच्या एक टक्क्यापेक्षा जास्त नाही, आणि ती किंमत वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. येथे एक बाजू मांडलीच पाहिजे. घरांच्या किमती भडकत होत्या आणि पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना स्वतःच्याच घराची पट्टी भरवेनाशी झाली होती. त्यांचे रडणे खोटे नव्हते. पण म्हातारीच्या पदराआडून बड्या कंपन्यांच्या इमारतीही त्याच सवलतीत शिरल्या, आणि शाळांच्या वाट्याचा पैसा आटला. म्हणून म्हणते, पदर कोणाचा आणि आड कोण, हे नीट पाहावे.

तिसरा तो वाइल ई. कायोटी. चक जोन्स यांनी १९४९ साली घडवलेला हा कोल्ह्याच्या जातीचा प्राणी एका पळपुट्या पक्ष्यासाठी नाना सापळे लावतो आणि दर वेळी स्वतःच त्यात सापडतो. १९९५ साली प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंगरिच यांच्या पक्षाने अंदाजपत्रकावरून राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना कोंडीत धरले. सरकारी कचेऱ्या बंद पडल्या. दुसऱ्या खेपेला तर २१ दिवस. मध्येच गिंगरिच यांनी तक्रार केली, की राष्ट्राध्यक्षांच्या विमानातून आपल्याला मागच्या दाराने उतरवले. झाले! न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने पहिल्या पानावर त्यांना लंगोटातले रडके बाळ करून टाकले. पुढच्या वर्षी क्लिंटन पुन्हा निवडून आले. सापळा उत्तम होता. फक्त पाय कोणाचा, एवढेच चुकले.

आता चौथा नमुना, आणि ही आपल्यापैकीच एक. ट्वीटी पक्ष्याची आजी आठवते ना? अंबाडा, चष्मा, गोड बोलणे. पण मांजर पिंजऱ्याजवळ आले की छत्रीचा असा तडाखा, की विचारू नका. या आजीच्या जागी मी फिलिस श्लाफ्ली यांना बसवते. स्त्री-पुरुषांना कायद्याने समान हक्क देणारी घटनादुरुस्ती १९७२ साली अमेरिकन काँग्रेसने मंजूर केली. ३८ राज्यांची संमती मिळाली की काम फत्ते. श्लाफ्लीबाईंनी विरोधाची छत्री उगारली. 'समानता आली की नवऱ्याने पोसण्याचा तुमचा हक्क जाईल, मुलींना सक्तीने सैन्यात नेतील,' असे त्या गृहिणींना सांगत. त्यांच्या अनुयायी स्त्रिया आमदारांना घरी भाजलेला पाव आणि मुरंबा नेऊन देत. १९८२ साली मुदत संपली तेव्हा तीन राज्ये कमी पडली होती.

स्त्रीचे स्थान घरात, असे शिकवणाऱ्या या बाई स्वतः दोनदा निवडणुकीला उभ्या राहिल्या, सहा मुले वाढवून त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि देशभर दौरे केले! हसावे की हात जोडावेत, मला कळत नाही. पण त्यांच्यामागे गेलेल्या गृहिणींना मी हसणार नाही. ज्या बाईच्या हाती स्वतःची मिळकत नाही, तिला 'आधार जाईल' ही भीती खरीच वाटणार. आजीची ट्वीटीवर माया आहे, यातही शंका नाही. फक्त एक गोष्ट आपण विसरतो. मांजरापासून जपलेला तो पक्षी पिंजऱ्यात आहे.

शेवटचा नमुना मिस्टर मागू, १९४९ चा. दृष्टी अधू, पण कबूल करणार नाही. खांबाला माणूस समजून नमस्कार करील, आणि वर आपलेच खरे म्हणेल. असाच दृष्टिदोष १९५० साली अमेरिकेला जडला. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांना जिकडे तिकडे कम्युनिस्ट दिसू लागले. पुरावा मागितला, की विचारणाराच कम्युनिस्ट ठरे. या साथीत खुद्द मागू घडवणारे जॉन हबली यांनाही झळ लागली. सहकाऱ्यांची नावे सांगण्याचे त्यांनी नाकारले आणि १९५२ साली त्यांना आपला स्टुडिओ सोडावा लागला.

मॅकार्थींपुढे बोलण्याची कोणाची छाती होईना, तेव्हा १ जून १९५० रोजी सिनेटमध्ये एक बाई उभी राहिली. मार्गारेट चेस स्मिथ, मेन राज्याच्या. पक्ष मॅकार्थींचाच, रिपब्लिकन. त्या वेळी साऱ्या सिनेटमध्ये त्या एकट्याच स्त्री होत्या. मॅकार्थींचे नाव न घेता, सुमारे पंधरा मिनिटांत त्यांनी सांगितले, की भीती आणि चारित्र्यहनन यांच्या बळावर आपल्या पक्षाने जिंकू नये. आणखी सहा सिनेटरांनी त्या निवेदनाला संमती दिली होती.

यावर मॅकार्थींनी काय उत्तर दिले असेल? मुद्द्याला उत्तर दिलेच नाही. त्यांनी या सात जणांना नाव ठेवले : हिमगौरी आणि सहा बुटके! म्हणजे मी आज येथे जो खेळ मांडला आहे, तोच खेळ. डिस्नेच्या १९३७ च्या त्या चित्रपटाची दृश्ये रंगवणाऱ्यांत हेच हबली होते, हा आणखी एक योगायोग. पुढे मॅकार्थींनी स्मिथबाईंना चौकशीच्या उपसमितीतून काढले आणि त्यांच्या जागी रिचर्ड निक्सन यांना घेतले. पण १९५४ च्या डिसेंबरमध्ये सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थींचा निषेध केला. बाई मात्र १९७३ पर्यंत सिनेटमध्ये होत्या, आणि १९६४ साली मोठ्या पक्षाच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी नाव मांडले गेलेली पहिली स्त्री हा मानही त्यांनाच मिळाला.

भगिनींनो, आपल्या भाषेत बारशाला नाव ठेवतात आणि उणे काढायचे तर नावे ठेवतात. दोहोंत एका मात्रेचा फरक! थर्मंड यांना मी कोंबडा म्हटले ते त्यांच्या २४ तासांच्या आरवण्यावरून; त्यांनी जे केले त्याचे ते चित्र आहे. स्मिथबाईंना हिमगौरी म्हटले ते मात्र केवळ त्या बाई होत्या म्हणून, आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर नव्हते म्हणून. पहिली थट्टा माणसाला त्याच्या कृत्यासमोर उभे करते. दुसरी बाईला खाली बसवते.

हा फरक आपल्याला दूर देशापुरता नको आहे. आपल्या मंडळातली एखादी उद्या नगरपालिकेत पाण्याचा प्रश्न घेऊन जाईल आणि 'आल्या झाशीच्या राणी!' असे कोणी म्हणेल. सारे हसतील. तिने रागावू नये, हसणाऱ्यांत सामीलही होऊ नये. राणीसाहेबांचे नाव मिळाले म्हणून आभार मानावेत आणि लगेच विचारावे, 'बरे, नळाला पाणी कधी येणार?' उत्तर मिळेपर्यंत मात्र खाली बसू नये. स्मिथबाईंना पंधरा मिनिटे पुरली होती.

मला चिटणीस बाईंनी वीस दिली होती. ती संपली, तेव्हा मी बसते.